रंग सांगा, मग काळेपांढरे करू

श्रीपादराव लेले यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एकेक पेन्सिल होती, आणि कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नुकतेच पाऊल टाकलेल्या माझ्यासारख्या नवख्या मुलीला ते अगदी गंभीरपणे विचारत होते, "बाई, यातली लाल कोणती?"

मी नागपूरहून आलेली ट्रेसर. म्हणजे इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेले यंत्रांचे आराखडे पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारी. मला वाटले, ही नव्या माणसाची परीक्षा असणार. म्हणून मी दोन्ही पेन्सिली खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिल्या आणि त्यातली एक पुढे केली. साहेबांनी आभार मानले, तिच्या शेपटाला चाकूने खाच पाडली आणि समोरच्या आराखड्यातल्या चुकांभोवती लाल गोल काढायला सुरुवात केली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हळूच सांगितले की परीक्षा वगैरे काही नाही. लेलेसाहेबांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतच नाहीत.

पुढे कळले की रेल्वेच्या नोकरीसाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीत याच कारणाने ते नापास झाले होते, आणि म्हणून भोपाळला आले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. ते ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख झाले त्या सकाळी त्यांनी सगळ्यांना उभ्या उभ्या सांगितले होते म्हणे, "मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी आज हसून घ्या. उद्यापासून काम आहे." लोक हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच काम सुरू झाले.

आज साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त भोपाळचे आपले मराठी मंडळ हा ग्रंथ काढत आहे. मंडळातल्या तरुणांना ते 'फोटोवाले लेलेकाका' म्हणून ठाऊक आहेत. वाघ, सांबर, नीलगाय यांचे फोटो काढतात आणि ते काळेपांढरे करतात, एवढीच त्यांची ओळख. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ते फोटो काळेपांढरे कसे होत, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा लेख लिहायला बसले.

साहेबांच्या फोटोत जनावर कधीच मोठे नसते. डोंगराचा उतार, वाळलेले गवत, नाल्याची वळणे, आणि त्यात कुठेतरी बोटाच्या पेराएवढे जनावर. गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचे प्रदर्शन लागे, तेव्हा लोक वाघाच्या फोटोसमोर उभे राहून शोधाशोध करत. "साहेब, वाघ कुठंय?" कुणी कंटाळून विचारलेच, तर साहेब म्हणत, "आहे तिथंच. तुम्ही बघत राहा. वाघ सापडला की लोक पुढं बघायचं सोडून देतात." केशरी वाघ आणि हिरवे गवत काळ्यापांढऱ्यात एकसारखे करडे होऊन जातात. बाकीचे छायाचित्रकार तसे होऊ नये म्हणून धडपडतात. साहेब ते तसेच होऊ देत, कारण त्यांना स्वतःला रानात वाघ तसाच दिसत असे, म्हणजे बहुतेक वेळा दिसतच नसे.

मग त्यांना वाघ दाखवी कोण? नलिनीवहिनी.

हा आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधला सर्वांत मजेशीर संसार. मूलबाळ नव्हते, दोघांचेच घर. सुट्टी आली की डब्यात पोळीभाजी भरून दोघे रातापानीच्या नाहीतर केरवाच्या रानाकडे निघत. साहेब कॅमेऱ्याची तिवई लावून उभे, आणि वहिनी त्यांच्या खांद्याशी उभ्या राहून रंग सांगत. पूर्वी रीळच काळेपांढरे मिळे, तेव्हा भिंगापुढे कोणती रंगीत काच लावायची ते या सांगण्यावरून ठरे. पुढे कॅमेरे बदलले, फोटो रंगीतच येऊ लागले, आणि ते संगणकावर काळेपांढरे करणे आले. संगणकावर प्रत्येक रंगाची एक सरकती पट्टी असते. लाल रंगाची पट्टी एका बाजूला नेली की फोटोतले सगळे लाल उजळून पांढऱ्याकडे जाते, दुसऱ्या बाजूला नेली की काळवंडते. तसेच हिरव्याचे, पिवळ्याचे, निळ्याचे.

एकदा मी साहेबांना विचारले होते, पट्ट्या हलवून बघता येतेच की, मग वहिनींना कशाला बसवून ठेवता? ते म्हणाले, "हलवून दिसतं हो, पण आपण काय हलवतोय ते कळायला नको? रंग सांगा, मग काळंपांढरं करू. आंधळेपणानं करायचं असेल तर करायचंच कशाला?"

एका दिवाळीत मी फराळाचे ताट घेऊन त्यांच्या क्वार्टरमध्ये गेले, तेव्हा दोघे संगणकासमोर बसलेले होते. त्यांचे बोलणे मला अजून जसेच्या तसे आठवते.

"हे पुढचं गवत?"

"भाकरीच्या पापुद्र्याचं."

"आणि मागची झाडं?"

"शेपू."

"कच्चा की शिजवलेला?"

"कच्चा. पण बाजारातून आणून दुपारपर्यंत पिशवीतच राहिलेला."

साहेबांनी मान डोलावली आणि हिरव्याची पट्टी किंचित खाली घेतली. मी ताट हातात धरून तशीच उभी होते. माझे यजमान तेव्हा होते. पण आम्ही दोघे कधी इतक्या बारकाईने एका गोष्टीबद्दल बोललो असू असे मला वाटत नाही. हेवा वाटला, हे खोटे कशाला बोलू?

वहिनी रंगाच्या बाबतीत खोटे बोलत नसत. साहेब निवृत्त झाले तेव्हाचा प्रसंग सांगते. ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना भेट द्यायची ठरवली, आणि फार प्रेमाने एक घोळ घातला. साहेबांचाच वाघाचा एक काळापांढरा फोटो मिळवला, स्टुडिओत नेला आणि रंगवून आणला. भली मोठी फ्रेम! समारंभात तिच्यावरचा कागद निघाला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी फ्रेम दोन्ही हातांनी धरून मनापासून सर्वांचे आभार मानले. घरी गेल्यावर त्यांनी विचारले, "कसं झालंय?" वहिनी म्हणाल्या, "पोरांनी फार मनापासून केलंय. वाघ जिलबीसारखा आहे, गवत भर उन्हाळ्यात पोपटी आहे, आणि आभाळ शाळेच्या गणवेशाचं आहे." साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले म्हणे. पण फ्रेम काढू दिली नाही. पोरांचे मन मोडायचे नाही, हा हट्ट. शेवटी वहिनींनी ती पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली, थेट उन्हात. उन्हाळ्यांमागून उन्हाळे गेले तसा तो वाघ आपोआप पुन्हा काळ्यापांढऱ्याच्या वाटेला लागला.

माझ्यावर साहेबांचे एक ऋण आहे, तेही इथे नोंदवते. ऑफिसात संगणक आले आणि आम्हा ट्रेसर बायकांचे काम एका फटक्यात संपले. आम्हाला दुसऱ्या खात्यांत पांगवायचे घाटत होते. साहेब वरिष्ठांकडे गेले आणि म्हणाले, "रेघ कशी असावी हे यांना कळतं. यंत्र काय, शिकवता येईल." आणि ऑफिस सुटल्यावर रोज आम्हाला घेऊन स्वतः बसले. पडद्यावरच्या रेषा लाल, हिरव्या, पिवळ्या. शिकवणाऱ्यालाच त्या ओळखता येत नव्हत्या! ते आम्हाला यंत्र शिकवत आणि आम्ही त्यांना रंग सांगत असू. आमच्यातली एकही बाई त्या खात्यातून बाहेर गेली नाही.

आता टाउनशिपमध्ये त्या गल्ल्यांतून फिरवत नाही. आमच्या पिढीतली माणसे निवृत्त झाली, कुणी पुण्याला गेली, कुणी नागपूरला, कुणी मुलांकडे. कितीतरी क्वार्टरांना कुलपे आहेत आणि अंगणांत बाभळी उगवल्या आहेत. आरतीला पूर्वी हॉलबाहेर चपलांचा ढीग पडे, आता आपली चप्पल शोधावी लागत नाही. साहेब आणि वहिनी निवृत्तीनंतर इंद्रपुरीत राहायला आले. मीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. माझे यजमान गेले, मुलगा हैदराबादला. आणि मग वहिनी आजारी पडल्या आणि एका पावसाळ्यात गेल्या.

त्यानंतर साहेबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. कुणी विषय काढला तर "झालं आता" एवढेच म्हणत. मी अधूनमधून डोकावत असे. एकदा बिट्टन मार्केटच्या बाजारात भेटले. पिशवीतले टोमॅटो दाखवून म्हणाले, "सुनंदाबाई, हे पिकलेत का हो? घरी नेल्यावर कच्चे निघतात." सगळे कच्चे होते. मी बदलून दिले. एवढ्याशा गोष्टीने मला घरी येऊन रडू फुटले. लोक म्हणतात, दोन एकटी माणसे भेटली की एकटेपण निम्मे होते. माझा तसा अनुभव नाही. दोघांचे दोन राहतात, फक्त चहा एकत्र होतो.

या ग्रंथाचे ठरले तेव्हा मुखपृष्ठावर साहेबांचा एक नवा, कुणी न पाहिलेला फोटो असावा अशी सूचना आली. मंडळाचे तरुण चिटणीस तुषार माझ्याकडे आले. "काकू, तुम्हीच बोला ना काकांशी. आम्हाला तर सीधा मना करतात. और हां, वाघ पाहिजे हं, रंगीत. नहीं तो कोण उचलणार पुस्तक?"

मी साहेबांकडे गेले. त्यांनी आधी चहाला आधण ठेवले. मग म्हणाले, नवा फोटो आहे, पण एकच. वहिनींबरोबरच्या शेवटच्या फेरीतला. त्या वर्षी मार्चमध्ये, बरे वाटत नसतानाही वहिनींनी हट्ट धरला होता की पळस बघायला केरवाकडे जायचेच. तिथे पोहोचल्यावर त्या दमल्या. "मी गाडीत बसते, तुम्ही वर जाऊन या," म्हणाल्या. साहेब टेकाडावर चढले, समोरच्या उतारावर नीलगाय दिसली, फोटो काढला आणि परत आले. वहिनी गाडीत होत्या. पुढे दवाखाने सुरू झाले आणि त्या फोटोसमोर दोघांना बसायला जमलेच नाही.

"त्यातले रंग मला कुणी सांगितलेच नाहीत," साहेब म्हणाले. "म्हणून तो उघडलाच नाही. तिच्या सांगण्याशिवाय मी एकही फोटो केलेला नाही, सुनंदाबाई. हा जमला नाही तर कॅमेरा मंडळाला देऊन टाकतो. उगाच घरात धूळ खात पडलाय."

ते शांतपणे बोलले, पण मला त्यांचा स्वभाव ठाऊक. ते खरोखरच देऊन टाकणार होते, आणि मग त्या घरात रोज सकाळी उठायला काही कारण उरणार नव्हते. मी म्हटले, मी सांगते रंग. साहेबांनी जरा संशयाने माझ्याकडे पाहिले आणि सरावासाठी दुसराच एक जुना फोटो उघडला.

"हे झाड?"

"हिरवं."

"कोणतं हिरवं?"

"गडद हिरवं."

"बाई, यावर मी काय करू?" म्हणत त्यांनी संगणक बंद केला.

मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. इतकी वर्षे मंडईत जाऊन मी फक्त भाव बघत होते! त्यानंतर मी बाजारात गेले की ढिगांपुढे उभी राहून बघू लागले. दोडक्याच्या शिरांचा हिरवा वेगळा, गवारीचा वेगळा, पालकाच्या देठाशी असतो तो आणखी वेगळा. भाजीवाली वैतागून म्हणायची, "अम्मा, लेना है या दर्शन करना है?" मी दर्शनच घेत होते. आणि एका रविवारी दुपारी पुन्हा साहेबांकडे जाऊन बसले.

या वेळी त्यांनी केरवाचा फोटो उघडला. मोठा उतार, वर कडेला नीलगाय, खाली नाला.

"नीलगाय," मी सुरुवात केली.

"ती दिसते मला, निळसर आहे. पुढं."

"गवत, भाजून ठेवलेल्या रव्याचं. नाल्याकाठी करवंदाच्या जाळ्या, मेथीची भाजी शिजत आली की होते तशा. आणि पळस."

"आहे?"

"सगळ्या उतारावर आहे, साहेब. फुललाय."

"मला तर नुसतं रान दिसतंय. कोणता लाल?"

"लोणच्यावर सुटलेल्या तेलाचा."

साहेबांनी मान डोलावली. पहिल्यांदाच. मला धीर आला आणि मी खालच्या कोपऱ्याकडे वळले. "इथं जाळीपाशी जरासं विटकरी आहे."

"विटकरी? रानात विटकरी काय असणार?"

"कुणीतरी बसलंय."

"गुराखी असेल."

मी तो भाग मोठा करायला सांगितला. पाठमोरी बाई होती. डोक्यावरून पदर घेतलेला, तोंड पळसाकडे. ते विटकरी लुगडे मी मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला पाहिले होते. कसे सांगावे ते कळेना, म्हणून सरळच सांगितले, "साहेब, वहिनी आहेत."

"नाही. ती गाडीत होती."

"नव्हत्या. गाडीतून उतरून आल्या होत्या, तुमच्या आधी परतल्या असतील. इथं बसल्यात."

साहेब पडद्याच्या अगदी जवळ गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला फक्त झुडूप दिसतंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग ते खुर्चीत सरळ बसून म्हणाले, "रंग सांगा. नीट सांगा."

"नव्या माठाचा," मी म्हटले. "पाणी भरल्यावर होतो तो."

त्यांनी फोटो काळापांढरा केला. सगळेच करडे झाले, झुडूप, वहिनी, पळस, सारे एकमेकांत मिसळून गेले. मग त्यांनी लालाची पट्टी धरली आणि हळूहळू उजळत नेली. ती पट्टी एकट्या वहिनींना उजळणार नव्हती. फोटोत जिथे जिथे लाल, ते सगळे उजळू लागले. करड्या उतारावर एकेक झाड पांढरे होत गेले, पार वरपर्यंत. आणि खाली, जाळीपाशी, पदर घेतलेली एक छोटीशी पांढरी आकृती.

"बसलीय की," साहेब म्हणाले.

मग उतारावरून वर नजर नेत, "म्हणजे पळस असा फुलतो तर. दरवर्षी सांगायची."

ते रडले. मीही रडले. पंच्याहत्तरीच्या ग्रंथात हे लिहावे की नाही, मला ठाऊक नाही, पण साहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लिहा. फोटोखाली मात्र नाव घालू नका. लोकांना बघत राहू दे." जन्मभर वाघ लपवणाऱ्या माणसाने या एकाच फोटोत उजेड केला, आणि त्यातही तिला फुलांमध्येच ठेवले. चटकन पाहिले तर एखादे फूल गळून पडले असावे असे वाटते.

तोच फोटो या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. तुषारने तो पाहून विचारले होते, "काका, इसमें जानवर कहाँ है?" साहेब म्हणाले, "वर नीलगाय आहे ना." खाली काय आहे ते त्यांनी सांगितले नाही. आता वाचकांनी हा लेख संपला की ग्रंथ मिटून एकदा नीट पाहावे.

कॅमेरा मंडळाला मिळालेला नाही, आणि मिळणारही नाही, याबद्दल मी कार्यकारिणीची माफी मागत नाही. साहेब पुन्हा रानात जाऊ लागले आहेत. गुडघे कुरकुरतात म्हणून तिवई मी उचलते. घरी परतल्यावर ते घर अजून तितकेच रिकामे असते, त्यात माझ्या जाण्याने फार फरक पडतो असे मी म्हणणार नाही. पण रविवारी संगणक चालू असतो आणि मला उशीर झाला तर त्यांचा फोन येतो.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो. गुडघे बरे राहोत, हात स्थिर राहोत, आणि डोळे, आहेत तसेच राहोत. त्यांच्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी राहू नये. मी असेपर्यंत मी आहे. माझ्यानंतर तुमच्यापैकी कुणीतरी तिथे बसावे, एवढे या निमित्ताने मागते. फक्त येताना मंडईतून या. नुसते 'हिरवे' म्हणून तिथे भागत नाही.